बटण बंद केल्यावर काय होतं?

लॅपटॉप चार्ज करून झाला, भिंतीवरचं बटण बंद केलं, तरी अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लगेच विझत नाही. दोन-तीन सेकंद तो तसाच राहतो, मग मंद होत जातो आणि विझतो. वर्गात याचं कारण विचारलं तर बहुतेक मुलं सांगतात, "सर, आत थोडी लाइट शिल्लक असते." उत्तर बरोबरच आहे. फक्त 'थोडी' म्हणजे किती, ती कुठे असते आणि पुढे तिचं काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

किती ते आधी पाहू. घरात येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा अडॅप्टरच्या आत गेल्यावर डायोडमधून जाऊन डीसी होतो आणि एका कपॅसिटरमध्ये (पाठ्यपुस्तकातलं संधारित्र) साठतो. २३० हे सरासरीच्या एका प्रकाराने काढलेलं मूल्य; लाटेचं टोक त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्टला असतं. कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतो. तो १०० मायक्रोफॅरडचा धरला, तर साठलेली ऊर्जा = अर्धा × धारिता × दाबाचा वर्ग, म्हणजे सुमारे ५.३ ज्यूल. एक किलोचं वजन जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षा थोडं वर उचलायला इतकी ऊर्जा लागते. हिरवा दिवा आणि आतली चिप मिळून फारच थोडी शक्ती वापरतात, म्हणून ही शिदोरी त्यांना काही सेकंद पुरते.

म्हणजे बटण बंद करणं आणि यंत्र थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्या मधल्या काळात काय घडतं, आणि घडताना काही बिघडू नये म्हणून काय करतात, तो या लेखाचा विषय आहे. सुरुवात मोबाइलच्या चार्जरमधल्या चिपपासून करू, पण पुढे तारापूरच्या कारखान्यांत आणि डहाणू लोकलच्या तारांपर्यंत जायचं आहे. कारण तिन्ही ठिकाणचं भौतिकशास्त्र एकच आहे.

खेपा घालणारा पुरवठा

जुन्या रेडिओतला वीजपुरवठा साधा होता. एक जड ट्रान्सफॉर्मर दाब कमी करायचा आणि उरलेला नकोसा दाब एक ट्रान्झिस्टर उष्णतेत घालवायचा. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे तर ७ व्होल्टांची उष्णता होणार, म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया. शिवाय घरातला दाब पडला की चित्र आक्रसायचं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला, त्या काळात टीव्हीशेजारी खरखरणारा स्टॅबिलायझर असायचा, तो अनेकांना आठवत असेल.

त्याची जागा घेणाऱ्या 'स्विचिंग' पुरवठ्याची युक्ती अशी: ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडं ठेवून ऊर्जा जाळायची नाही. तो पूर्ण उघडायचा किंवा पूर्ण बंद करायचा, सेकंदाला लाखभर वेळा. विहिरीतून बादली-बादलीने पाणी काढून टाकी भरावी, तशा ऊर्जेच्या खेपा घालायच्या. खेपा वाढवल्या की दाब वाढतो, कमी केल्या की उतरतो.

१२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारं परिपथ घेऊ. त्यात दोन स्विच असतात. वरचा स्विच चालू झाला की १२ व्होल्ट एका कॉइलला जोडले जातात आणि तिच्यातली धारा वाढू लागते. मग वरचा बंद होतो. पण कॉइल म्हणजे जातं आहे. हात काढला तरी ते थोडं फिरतच राहतं. कॉइलमधली धाराही एकदम थांबू शकत नाही, तिला वाट हवी. ती वाट खालचा स्विच देतो. एकूण वेळाच्या ५/१२, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळ वरचा स्विच चालू ठेवला की कॉइलच्या पलीकडच्या कपॅसिटरवर ५ व्होल्ट मिळतात. जळतं फार थोडं.

हा ४२ टक्क्यांचा हिशेब कोण ठेवतो? एक नियंत्रक चिप. अमेरिकेत सिलिकॉन जनरल या कंपनीने १९७६ मध्ये काढलेली 'एसजी १५२४' ही या जातीची पहिली चिप मानली जाते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ॲपल २' या संगणकात स्विचिंग पुरवठा होता. आज मोबाइलच्या चार्जरमध्येही अशी एक चिप सापडते. तिचं मूळ काम सोपं आहे: स्वतःजवळच्या एका स्थिर संदर्भ दाबाशी बाहेरचा दाब ताडून पाहायचा, आणि फरक पडला की खेपा कमीजास्त करायच्या.

हळू सुरू, हळू बंद

चालू करताना चिपने एकदम 'मला ५ व्होल्ट हवेत' म्हटलं तर काय होईल? बाहेरचा कपॅसिटर रिकामा आहे, म्हणजे फरक पूर्ण ५ व्होल्टांचा. चिप सगळं बळ लावेल, धारा प्रचंड वाढेल. म्हणून संदर्भ दाब शून्यापासून हळूहळू, काही मिलिसेकंदांत वर नेतात. बाहेरचा दाब त्याच्या मागोमाग चढतो. याला म्हणतात 'सॉफ्ट स्टार्ट'. ही कल्पना सर्वांना लगेच पटते.

बंद करतानाही तेच करायचं, हे मात्र थोडं उशिरा सुचलं. साधारण समज असा, की बंद करायचं तर दोन्ही स्विच सोडून द्यावेत, कपॅसिटर आपोआप रिकामा होईल. होईल, पण कधी? बाहेरचा कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा आणि त्याला जोडलेलं उपकरण फक्त १० मिलिअँपिअर घेणारं असेल, तर दाब सेकंदाला १० व्होल्ट या वेगाने उतरेल. ५ व्होल्ट संपायला अर्धा सेकंद. आपल्याला हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण सेकंदात कोट्यवधी आज्ञा पाळणाऱ्या संगणकासाठी तो युगासारखा आहे. या अर्ध्या सेकंदात चिपना पुरेसा दाबही नसतो आणि त्या पूर्ण बंदही नसतात. अशा अर्धवट शुद्धीत असलेला संगणक स्मृतीत काहीबाही लिहू शकतो. ध्वनिवर्धक बंद करताना स्पीकरमधून येणारा 'धप्प' आवाजही याच बेशिस्त उतरणीचा.

दुसरी अडचण क्रमाची. एकाच पट्टीवर १.८ व्होल्टवर चालणारा गाभा आणि ३.३ व्होल्टवर चालणारी बाहेरची जोडणी अशा दोन भागांची चिप असेल, तर दोघांचे दाब ठरलेल्या क्रमाने चढावे आणि उतरावे लागतात. एक आधी शून्यावर आला आणि दुसरा तरंगत राहिला, तर धारा भलत्याच वाटेने, चिपच्या पोटातून, वाहू लागते.

म्हणून 'सॉफ्ट स्टॉप'. बंद करण्याची आज्ञा आली की चिप स्विच सोडून देत नाही. ती संदर्भ दाब ठरलेल्या उतारावरून, समजा ५ मिलिसेकंदांत, शून्यावर आणते आणि बाहेरच्या दाबाला हात धरून खाली उतरवते. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण उतरवतो तसं.

पहार

आता दुसरा पात्र-परिचय. बाहेरचा दाब ठरल्यापेक्षा वाढला तर? असं दोन-तीन कारणांनी होतं. दाब मोजून चिपला कळवणारी वाट तुटली, तर चिपला वाटतं की बाहेर काहीच दाब नाही, आणि ती जास्तीत जास्त खेपा घालू लागते. किंवा वरचा स्विच जळून कायमचा जोडला गेला, तर १२ व्होल्ट थेट बाहेर जातात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या 'टीटीएल' जातीच्या चिपना ७ व्होल्टच्या वर दाब देऊ नये, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असे. संगणकाच्या पुरवठ्याच्या मार्गदर्शक नियमांतही ५ व्होल्टच्या वाहिनीवर ७ व्होल्ट होण्याआधी पुरवठा बंद पडलाच पाहिजे अशी अट आहे. मर्यादा ओलांडली की पन्नास रुपयांच्या पुरवठ्यामुळे पन्नास हजारांचा संगणक जातो.

यावरचा जुना उपाय रांगडा आहे. बाहेरच्या दोन टोकांमध्ये एक जाडजूड थायरिस्टर बसवायचा. दाब मर्यादेबाहेर गेला की तो टोकं सरळ जोडून टाकतो. फ्यूज उडतो, पण पुढचं उपकरण वाचतं. या रचनेचं इंग्रजी नाव आहे 'क्रोबार', म्हणजे आपली पहार. दोन टोकांवर लोखंडी पहार आडवी टाकावी तसा प्रकार, म्हणून हे नाव.

आजच्या नियंत्रक चिप वेगळी पहार बाळगत नाहीत. खालचा स्विच त्यांच्या हातात असतोच. बाहेरचा दाब संदर्भाच्या ११५ टक्क्यांच्या आसपास गेला की त्या वरचा स्विच बंद आणि खालचा कायम चालू करतात. वरचा स्विच खरोखर जळून जोडला गेला असेल, तर १२ व्होल्ट दोन्ही स्विचमधून सरळ जमिनीला जातात आणि फ्यूज उडतो. म्हणूनच हे संरक्षण अर्धवट मनाचं असून चालत नाही. खालचा स्विच धरून ठेवावाच लागतो.

दोन शहाण्यांचं भांडण

सॉफ्ट स्टॉप शहाणा आहे, पहारही शहाणी आहे. दोघे एकाच चिपमध्ये नांदू लागले की गंमत सुरू होते. गंमत म्हणजे अर्थातच दुसऱ्याची. ज्याचा परिपथ जळतो त्याला ती दिसत नाही.

वरचंच उदाहरण घेऊ. चिपने उतरायला सुरुवात केली. संदर्भ दर मिलिसेकंदाला १ व्होल्ट उतरतो आहे. धारा फक्त पुढे जाऊ द्यायची, मागे नाही, असं परिपथाचं धोरण असेल, तर बाहेरचा दाब फक्त उपकरणाच्या १० मिलिअँपिअरने उतरेल, म्हणजे मिलिसेकंदाला ०.०१ व्होल्ट. संदर्भ जिन्याच्या तळाशी पोचत आला, दाब अजून वरच्या पायरीवरच. आणि पहार तर 'संदर्भाच्या ११५ टक्के' या मापाने पाहते आहे! अवघ्या ०.६५ मिलिसेकंदात संदर्भ ४.३५ व्होल्टवर येतो, त्याचे ११५ टक्के म्हणजे ५ व्होल्ट. बाहेर ५ व्होल्टच आहेत. दाब कणभरही वाढलेला नाही, तरी चिप ओरडते, 'दाब वाढला!' आणि पहार पडते.

पडल्यावर काय होतं ते जास्त गंभीर आहे. खालचा स्विच कायम चालू, म्हणजे भरलेला कपॅसिटर कॉइलमधून जमिनीला जोडला गेला. हा झोपाळाच आहे. कपॅसिटरमधली ऊर्जा कॉइलमध्ये जाते आणि दाब शून्यावर येतो, तेव्हा कॉइलमधली उलटी धारा सर्वांत जास्त असते. १००० मायक्रोफॅरड आणि १० मायक्रोहेन्री असतील तर तिचं मूल्य, रोधातला व्यय धरला नाही तर, ५ व्होल्ट × १० = ५० अँपिअर! झोपाळा मधल्या बिंदूवर थांबत नाही, तसा दाबही शून्यावर थांबत नाही. तो उणे बाजूला जातो. धन-ऋण ओळखणाऱ्या चिपवर उलटा दाब येतो. जिच्या रक्षणासाठी हे सगळं उभारलं, तीच जाते, आणि तेही कसलाही बिघाड नसताना.

यावर दोन उपाय करतात. एक, सॉफ्ट स्टॉप चालू असेपर्यंत पहारेकऱ्याचे डोळे बांधायचे. दुसरा, उतरताना त्याचं माप संदर्भासोबत हलू द्यायचं नाही, ५.७५ व्होल्ट ही मूळ मर्यादाच कायम ठेवायची. मला दुसरा उपाय जास्त पटतो. वरचा स्विच जळण्याची वेळ काही बटण पाहून ठरत नाही, आणि उतरणीच्या ५ मिलिसेकंदांत आंधळं राहणं म्हणजे घाटात ब्रेकवरचा पाय काढून घेण्यासारखं आहे.

५, १२, १३

धारा मागे जाऊ द्यायची, असं धोरण ठेवलं तर? मग दाब संदर्भाच्या मागोमाग मुकाट उतरतो. त्यासाठी १००० मायक्रोफॅरडमधून १ अँपिअर मागे ओढावा लागतो. पण ही ऊर्जा जाते कुठे? दोन स्विच आणि कॉइल यांची हीच रचना उलट बाजूने पाहिली तर ती दाब वाढवणारी असते. बाहेरच्या कपॅसिटरमधली ऊर्जा १२ व्होल्टच्या बाजूला परत ढकलली जाते. ती बाजू अडॅप्टरची असेल, तर अडॅप्टरच्या तोंडाशी डायोड आहे. तो धारा परत घेणार नाही. मग ती सगळी आत येण्याच्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथला दाब वाढतो.

किती वाढतो हे दहावीचा विद्यार्थी काढू शकेल. दोन्ही कपॅसिटर सारखेच, १००० मायक्रोफॅरडचे धरा. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे नवा दाब वर्ग = १२ चा वर्ग + ५ चा वर्ग = १४४ + २५ = १६९. म्हणजे १३ व्होल्ट. पायथागोरसचं त्रिकूट इथे भेटेल असं कुणाला वाटलं नसेल! वाढ एका व्होल्टची, चिंता नाही.

आता काटकसर करणाऱ्या कुणी आत येण्याच्या बाजूला १००० ऐवजी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. ५ च्या वर्गाला आता दहाने गुणायचं: १४४ + २५० = ३९४, वर्गमूळ जवळजवळ २०. बारा व्होल्टच्या जागी वीस! तिथला कपॅसिटर १६ व्होल्टपर्यंतचाच असेल तर तो फुगतो किंवा फुटतो. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून दाब वीसच्या थोडा खाली राहील. पण १६ च्या वर जाणं सहज शक्य आहे. शिवाय हा दाब वाढतो तो आत येण्याच्या बाजूला. आपली पहार तर बाहेरच्या बाजूवर नजर ठेवून बसलेली.

म्हणून अनेक चिप मधला मार्ग घेतात: ऊर्जा मागे पाठवायची नाही, एका लहान स्विचमधून २० ओहमसारख्या रोधात जाळायची. सुरुवातीची धारा पाव अँपिअर, आणि साठ मिलिसेकंदांत दाब पाच टक्क्यांवर. उतार थोडा लांबला, ५ ऐवजी ६० मिलिसेकंद, पण कुणाच्या अंगावर काही आलं नाही.

तारापूरचं सेंट्रीफ्यूज

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला पाम, टेंभी, कुंभवली, सालवड, कोलवडे ही गावं आणि त्यांना लागून तारापूरची एमआयडीसी. इथल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कुणी ना कुणी औषधांच्या किंवा रंगांच्या रसायनांच्या कारखान्यात कामाला असतं. त्यांना घरी विचारायला सांगा: सेंट्रीफ्यूज थांबायला किती वेळ लागतो?

सेंट्रीफ्यूज म्हणजे भोकं पाडलेलं मोठं गोल पिंप. रसायनाचे स्फटिक द्रवातून वेगळे करायचे असतात, तेव्हा मिश्रण यात टाकून गरगर फिरवतात. द्रव भोकांतून बाहेर जातो, घट्ट माल आत राहतो. पिंप फिरवणाऱ्या मोटरला आता बहुधा एक 'ड्राइव्ह' असतो. हा चार्जरमधल्या परिपथाचाच दांडगा भाऊ. ४१५ व्होल्टच्या तीन फेजचा तो डीसी करतो, सुमारे ५८७ व्होल्टचा, आणि त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारतेचा एसी बनवून मोटरचा वेग कमीजास्त करतो. थांबवायचं असेल तर तो वारंवारता हळूहळू खाली आणतो. हाच त्याचा सॉफ्ट स्टॉप.

वारंवारता पिंपाच्या वेगाच्या मानाने खाली गेली, की मोटर जनित्र होते. फिरणाऱ्या पिंपाची ऊर्जा विजेच्या रूपाने ड्राइव्हमध्ये परत येते. ड्राइव्हच्या तोंडाशी पुन्हा तेच डायोड. ऊर्जा बाहेरच्या तारांत जाऊ शकत नाही, ती डीसीच्या कपॅसिटरमध्ये साठते.

आकडे घालून पाहू. मालासकट ३०० किलोचं पिंप, सरासरी त्रिज्या अर्धा मीटर, मिनिटाला १००० फेरे. जडत्व आघूर्ण ७५, कोनीय वेग सेकंदाला १०५ रेडियन, म्हणून गतिज ऊर्जा सुमारे ४ लाख ११ हजार ज्यूल. ड्राइव्हमधला कपॅसिटर २००० मायक्रोफॅरडचा धरा. दाब ५८७ वरून ८०० व्होल्टपर्यंत, म्हणजे या वर्गातले ड्राइव्ह सहसा जिथे हात टेकतात तिथपर्यंत, जाऊ दिला तर त्यात मावतात फक्त २९५ ज्यूल. चौदाशेवा भाग! मोटरमधला व्यय धरला नाही, तर पिंपाचा वेग मिनिटाला एका फेऱ्यानेही कमी होण्याआधी कपॅसिटर काठोकाठ भरतो.

मग पहार पडते. इथे पहार म्हणजे ड्राइव्ह सगळे स्विच सोडून देतो, आणि पडद्यावर 'ओव्हरव्होल्टेज'चा इशारा येतो. ड्राइव्ह वाचला. पण पिंप? त्याला आता कुणी धरलेलं नाही. ते नऊशे-हजारच्या वेगाने मोकळं फिरत राहतं, फक्त हवा आणि बेअरिंगच्या घर्षणाने मंदावत. यंत्र 'बंद' आहे, मोटरमध्ये धारा नाही, आणि चार लाख ज्यूल झाकणाखाली फिरत आहेत. थोडा वेळ थांबलेल्या ऑपरेटरला पिंप थांबलं असं वाटलं आणि झाकणाला वेगाशी बांधलेलं कुलूप नसलं, किंवा घाईच्या दिवसांत कुणी ते काढून ठेवलेलं असलं, तर पुढचं सांगायला नको. संरक्षणाने यंत्राचं रक्षण केलं, माणसाचं रक्षण हा वेगळा प्रश्न राहिला. म्हणून हे कुलूप मोटरला वीज आहे की नाही यावर नव्हे, पिंप फिरतंय की नाही यावरच चालायला हवं.

उपाय तेच, जे पाच व्होल्टच्या चिपला. एक तर जाळा: डीसीच्या टोकांवर एक मोठा रोध, कारखान्यात त्याला ब्रेक रेझिस्टर म्हणतात. पिंप ६० सेकंदांत थांबवायचं तर त्या रोधाला सरासरी जवळजवळ ७ किलोवॉट, आणि वेग जास्त असताना सुरुवातीला त्याच्या दुप्पट, पेलावे लागतात. पाच-सहा विजेच्या शेगड्या एकदम लावल्यासारखं. किंवा उतार लांबवा: साठ सेकंदांऐवजी पाच मिनिटं, म्हणजे घर्षणच बरीचशी ऊर्जा खातं. बरेच ड्राइव्ह आता तिसरंही एक करतात, आणि ते मला सर्वांत सुंदर वाटतं. दाब मर्यादेजवळ आला की ते वारंवारतेचा उतार तिथेच थांबवतात. दाब ओसरू देतात, मग पुढची पायरी उतरतात. पहारेकरी आणि उतरवणारा इथे भांडत नाहीत. एक दुसऱ्याला 'जरा थांब' म्हणतो.

याच परिसरात १९६९ साली देशातलं पहिलं अणुविद्युत केंद्र सुरू झालं. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया नियंत्रक दांड्यांनी क्षणात थांबवता येते, पण आधीच तयार झालेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता थांबत नाही. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. म्हणून थंड करणारं पाणीही एकदम थांबून चालत नाही. अनेक प्रकारच्या अणुभट्ट्यांत पंपांना जड चक्र बसवलेलं असतं, म्हणजे वीज गेली तरी पंप जात्यासारखा फिरत राहून मंदावतो. सॉफ्ट स्टॉप, पण चिपशिवाय.

लोकलचं उदाहरण तर रोज समोरून जातं. मोटरला जनित्र करून ब्रेक लावणाऱ्या गाड्या थांबताना वीज ओव्हरहेड तारेत परत देतात. विरारच्या उत्तरेला तारेत २५ हजार व्होल्टचा एसी. परत आलेली वीज उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरमधून मागे जाऊ शकते. चर्चगेट ते विरार मात्र २०१२ मध्ये बदल पूर्ण होईपर्यंत १५०० व्होल्टचा डीसी होता, आणि उपकेंद्रात पुन्हा डायोड! परत दिलेली वीज घ्यायला त्याच वेळी जवळपास दुसरी एखादी गाडी निघालेली असावी लागे. नसली तर तारेचा दाब वाढायचा, गाडीचं संरक्षण वीज देणं थांबवायचं, आणि काम साध्या ब्रेकवर यायचं. सेंट्रीफ्यूजपेक्षा गाडी इथे नशीबवान: पहार पडली तरी चाकाला धरणारा दुसरा कुणी असतो.

घरातला दाब

शेवटी एका गैरसमजाबद्दल. 'चार्जरमध्ये ओव्हरव्होल्टेज संरक्षण आहे' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, तरी पावसाळ्याच्या तोंडावर वाऱ्यात डीपीची न्यूट्रल तार तुटली की आळीतले टीव्ही आणि चार्जर जातातच. असं का?

न्यूट्रल तुटली की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी ओळीने जोडली जातात, आणि दोघांत मिळून सुमारे ४०० व्होल्ट येतात. एका घरात १००० वॉटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्यात एकूण १०० वॉटचे दिवे-पंखे. पहिल्याचा रोध ५३ ओहम, दुसऱ्याचा ५२९. ओहमच्या नियमाने दुसऱ्या घराच्या वाट्याला ३६० च्या वर व्होल्ट येतात, पहिल्याच्या वाट्याला उरतात ३६. जो कमी वीज वापरतो त्याचं जास्त नुकसान! ३६० व्होल्टचं टोक ५१० च्या आसपास, आणि चार्जरमधला कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा. बाहेरच्या ५ व्होल्टवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याला हे दिसतच नाही. ५ व्होल्ट तर शेवटपर्यंत ठीक असतात. या संकटासाठी मीटरजवळच्या बोर्डात दाब जास्त-कमी झाल्यास वीज तोडणारा संरक्षक वेगळा बसवावा लागतो. शाळेच्या संगणक-कक्षासाठी तो घ्यावा, असं आवर्जून सुचवतो.

वर्गात करून पाहण्याजोगं

चार्जर उघडून दाखवण्याचा मोह टाळा. ३२५ व्होल्टचा कपॅसिटर बटण बंद केल्यावरही झटका देतो. त्याऐवजी खेळण्यातली एक डीसी मोटर घ्या, तिच्या दांड्यावर पुठ्ठ्याची जड चकती बसवा. दोन पेन्सिल सेल लावून ती जोरात फिरवा. पहिल्या वेळी सेल काढून टोकं मोकळी ठेवा आणि चकती थांबायला लागणारा वेळ मोजा. दुसऱ्या वेळी सेल काढल्याबरोबर दोन्ही टोकं तारेने जोडा. चकती पटकन थांबेल. ऊर्जा वेटोळ्यात जळली. तिसऱ्या वेळी तारेऐवजी एक लहान टॉर्चचा बल्ब जोडा. थांबायचा वेळ मधला येईल, आणि खोलीत अंधार केलेला असेल तर बल्बची तार क्षणभर लालसर दिसू शकते. चौथ्या वेळी, मोटर चालू असतानाच तिच्या टोकांना समांतर एक एलईडी उलट्या दिशेने जोडून ठेवा आणि मग सेल काढा. तो पेटतो की नाही, आणि बल्ब तापत असताना हा का वागतो तसा वागतो, हे मुलांना आधी कागदावर लिहायला लावा. मोटर जनित्र झाली की दाबाची दिशा उलटते की धारेची, यावर वर्गात चांगला वाद होतो.